दोन गोल होईपर्यंत

रविवार, १६ जून १८६१

ही वही लव्हेट मास्तरने दिली. म्हणाला, "एनॉक, रोज चार ओळी लिहीत जा, तुझं अक्षर जरा माणसांत येईल." माणसांत आणून त्याला कुठे बसवायचं, ते काही बोलला नाही. मी शाळेत दोनच हिवाळे गेलो. तिसऱ्या हिवाळ्यात बापाने खाणीत धाडलं. तेव्हा चुका होणार. कोणी वाचू नये म्हणजे झालं.

टिंकर्स फ्लॅटला येऊन दोन वर्षं होतील. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सोनं पायाला लागतं असं ऐकून इंग्लंडातलं डर्बीशायर सोडलं. बोटीवर मॅलकी डूलन भेटला, आयर्लंडातल्या क्लेअरचा. तो पहिल्या दिवसापासून ओकत होता, मी दुसऱ्या, त्यातून मैत्री झाली. इथे दोघांनी मिळून खड्डा घेतला. आधी थोडं सोनं निघालं, मग पाणी, मग नुसता चिखल. मॅलकीने दुसरा खड्डा धरला. मी दोन आठवड्यांपुरता म्हणून पास्को काकांच्या खोगिरांच्या दुकानात बसलो. त्याला आता चौदा महिने झाले. काका माझे नात्याचे कोणी नव्हेत. ते कॉर्नवॉलचे, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला सगळं गाव काका म्हणतं, म्हणून इथेही म्हणतं.

मी इथे कायमचा नाही. एका जागी बूड टेकवणं माझ्या रक्तात नाही. काकांची मुलगी टॅमसिन म्हणते, "हे तू दर आठवड्याला सांगतोस. अक्षर सुधारलं की लिहून भिंतीला लाव, बोलायचे कष्ट वाचतील." तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

गुरुवार, २० जून

आज खानावळीत बैठक. शनिवारी दुपारी खाणी बंद, दुकानं बंद, आणि माणसं मोकळी सुटली की एकमेकांची डोकी फोडतात. त्यावर पाद्रीबाबांनी तोड काढली, फुटबॉल खेळा. म्हणजे डोकी फोडायची ती ठरल्या वेळी आणि सगळ्यांसमोर.

ओढ्याच्या वर राहणारे ते 'वरचे': दुकानदार, कारागीर, बँकेचे कारकून. कॅप्टन लव्हेट मास्तर. त्यांत मी. खाणवाले ते 'खालचे', त्यांचा कॅप्टन मॅलकी. वीस विरुद्ध वीस. जो आधी दोन गोल करील तो जिंकला. एका शनिवारात झालं नाही तर पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे. एवढ्यावर एकमत व्हायला पाच मिनिटं लागली. फुटबॉल म्हणजे काय, यावर तीन तास.

मास्तर म्हणाला, "आमच्या शाळेत चेंडू उचलून पळायचा."

मॅलकी म्हणाला, "आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात."

काका म्हणाले, "आमच्याकडे पाय लावायचाच नाही. मुठीएवढा चेंडू, वरून चांदी मढवलेली, आणि हातातून हातात."

"मग त्याला फुटबॉल का म्हणता, काका?"

"आम्ही कुठे म्हणतो? म्हणताय तुम्ही."

मी म्हटलं, आमच्या गावच्या खेळाला हद्दच नसते. तीन मैलांवर दोन गिरण्या, त्या गोल. मध्ये नदी. अख्खं गाव खेळतं. बुडून मरायचं नाही, एवढा एकच नियम.

टॅमसिनचं अक्षर गावात सगळ्यांत सुंदर, म्हणून नियम उतरवायला तिला बसवलं होतं. मान वर न करता म्हणाली, "तो तरी पाळता का?"

"बहुतेक जण."

मग मास्तरने नडगीचा विषय काढला. पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा हवी, त्याने म्हणे मुलाचा पुरुष होतो. मॅलकी अगदी नम्रपणे म्हणाला, "आणि मास्तर, सोमवारी माझ्या खड्ड्यात कोण उतरणार? तुमची शाळा?" लाथ खोडली.

शेवटी कागद तयार झाला. चेंडू हवेतून झेलला तर मोकळी किक, म्हणजे मारेपर्यंत कोणी जवळ यायचं नाही. जमिनीवरून उचलायचा नाही. गोल पायानेच, आणि चेंडू खांबाला किंवा कोणाच्या अंगाला जरा जरी लागला तर गोल नाही. लागला की नाही ते कॅप्टन ठरवणार, मारणाऱ्याला विचारून. सातवा नियम वाचताना मास्तर अडखळला: जे वीस जण सामना सुरू करतील त्यांनीच तो संपवायचा, मध्ये कोणी सोडून जायचं नाही. "हे मी सांगितलं होतं?"

"कोणीतरी सांगितलं असेल," टॅमसिन म्हणाली. "मी फक्त उतरवते."

"चांगला आहे पण," मास्तर म्हणाला. सगळ्यांनी सह्या केल्या. मी सही केली ती सगळ्यांत मोठी झाली, दोन जणांच्या जागेत.

शनिवार, २२ जून

गोल कोणाचाच नाही. चाळीस माणसं एका चेंडूच्या मागे, मैदानात मधोमध तीन निलगिरीची झाडं. पोस्टमास्तर दुसऱ्या झाडावर आपटला. चेंडू आमच्या दुकानातला, मी शिवलेला, टॅमसिनने चिलमीच्या दांडीने फुंकून फुगवलेला. डुकराची मूत्राची पिशवी आत असते, तिचा वास आतपर्यंत जातो. मी म्हटलं, मी फुंकतो. ती म्हणाली, "तू नको. तुझी हवा नुसती बाता मारण्यात जाते, चेंडूत राहणार नाही."

शनिवार, २९ जून

आज जे झालं ते मी पुढे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून लिहून ठेवतो.

लोहाराने चेंडू असा उडवला की तो मधल्या निलगिरीच्या बेचक्यात जाऊन बसला. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे. कोणी दगड मारला, कोणी बूट. तेवढ्यात मॅलकी झाडावर चढला, चेंडू छातीशी धरला आणि वरून ओरडला, "झेल!"

"कसला झेल?" मास्तर खालून.

"पायाने उडालेला चेंडू. जमिनीला लागला नाही. मी धरला. मोकळी किक."

"झाडाला लागला ना!"

"नियमात जमीन लिहिलंय. झाड दाखवा."

टॅमसिनला कागद वाचायला लावला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. त्यात झाड नव्हतं. मास्तर सभ्य माणूस, कागदापुढे जात नाही. म्हणाला, "ठीक आहे. मार किक. पण जिथे झेललास तिथूनच मारली पाहिजे."

त्याला वाटलं, आता हा पडेल. मॅलकीने एका हाताने फांदी धरली, दुसऱ्या हाताने चेंडू सोडला आणि मारली. चेंडू आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून खांबांमधून पार. खालचे एक गोल. मॅलकी त्यानंतर पडला, पण आनंदात.

आठवा नियम झाला: झाड म्हणजे जमीन.

शनिवार, ६ जुलै

गेल्या आठवड्यात चेंडू फुटला. खाटकाकडे डुकराची पिशवी नव्हती, बैलाची मिळाली, ती लांबट. काकांनी तिच्याच मापाने कातडं कापलं. चेंडू झाला दुधी भोपळ्यासारखा. मॅलकीने नाक मुरडलं. मास्तर मात्र गहिवरला. "आमच्या शाळेत हाच आकार!" काखेत धरायला सोपा म्हणे. लगेच दाखवायला निघाला. एक झेल घेतला, किक मारायची सोडून चेंडू काखोटीला मारला आणि जो पळाला तो थांबेचना. खांबांमधून गेला, पाद्रीबाबांना ओलांडलं, ओढ्यापाशी गेल्यावर मागे वळून बघतो तर मागे कोणी नाही. आम्ही सगळे जागेवरच उभे. पायाने मारला नव्हता, म्हणून गोल नाही.

मग भांडण. पळू द्यायचं की नाही? खालचे म्हणतात अजिबात नाही, वरचे म्हणतात थोडं. थोडं म्हणजे किती? टॅमसिन कागद मांडीवर घेऊन बसली होती, इकडे जुलैत हिवाळा, तिला थंडी वाजत होती. म्हणाली, "पळायचं तर पळा, पण दर पाच-सात पावलांनी चेंडू जमिनीवर आपटायचा आणि पुन्हा धरायचा. म्हणजे पळणारा माणूस आणि पळवणारा माणूस यांतला फरक कळेल." हे दोन्ही बाजूंना पटलं.

फक्त या लांबड्या चेंडूचं एक आहे. आपटला की तो आपल्याकडे येईल असं नाही. आज पाच जणांनी करून पाहिलं. चौघांच्या नाकाला लागला.

गुरुवार, ११ जुलै

न्यूझीलंडात सोनं! ओटॅगो म्हणून मुलूख आहे, मेलबर्नहून बोटी भरभरून चालल्यात. मॅलकी दुपारी दुकानात आला तो वर्तमानपत्र नाचवतच. "एनॉक, लेका, खोगीर खाली ठेव. आपण निघालो."

मी म्हटलं, निघालोच. दाभण खाली ठेवली पण. मग आठवलं, सामना. सातव्या नियमाखाली दोघांच्या सह्या.

"मग एक गोल आम्ही केलाय, दुसरा परवा करतो," मॅलकी म्हणाला. "सामना संपला की सोमवारच्या गाडीने मेलबर्न."

आम्ही थुंकून हात मिळवले. मी सगळ्या दुकानासमोर मोठ्याने सांगितलं, सामना संपल्यावरच्या सोमवारी हा एनॉक वार्डल टिंकर्स फ्लॅटमध्ये दिसणार नाही. काका कातडं मोजत राहिले. टॅमसिन म्हणाली, "तिकडे थंडी फार असते म्हणे. लोकरीचे मोजे आहेत का तुझ्याकडे?" एवढंच. बघा, चौदा महिने एका बाकावर शेजारी काम केलं, आणि मोजे.

शनिवार, १३ जुलै

आम्ही गोल केला! बँकेच्या कारकुनाने, डोळे मिटून. त्याला अजून पटत नाही. एक-एक. आता पुढचा गोल कोणाचाही असो, सामना संपला.

मंगळवार, १६ जुलै

टॅमसिन मोजे विणते आहे. करडे. मी विचारलं कोणासाठी, तर म्हणाली, "घोड्यासाठी."

शनिवार, २० जुलै

गोल नाही. खरं तर झाला असता. मी तीस पावलांवर होतो, समोर मोकळं. पण बुटाची नाडी सुटल्यासारखी वाटली. वाकून पाहिलं तर सुटली नव्हती. तेवढ्यात खालच्यांनी मला आडवं केलं. मॅलकी माझ्यावरच ओरडला, "अरे मार की! नाडी काय बघतोस?" मी त्याला म्हटलं, तू कोणाच्या बाजूने खेळतोस? तो म्हणाला, "बोटीच्या!"

सुरक्षितता म्हणून काही असतं. नाडीत पाय अडकून लोक मेलेत.

शनिवार, २७ जुलै

आजही नाही. सुरुवातीलाच मी एक मुद्दा काढला. चेंडू आपटायचा म्हणजे हाताने की गुडघ्यावरून? नियमात स्पष्ट नाही. अशा गोष्टी वेळीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. चर्चा चालली, मग मी हेही विचारलं की डबक्यात आपटला आणि वर आलाच नाही तर? ऊन कलेपर्यंत चर्चा झाली. मास्तर खूश, म्हणाला, "एनॉक, तुझ्यात कायदेपंडित दडला आहे." मॅलकी माझ्याकडे बराच वेळ बघत होता. त्याला कायद्यातलं काही कळत नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

काल खेळाला नाव हवं म्हणून बैठक झाली. मास्तरला आपल्या शाळेचं नाव द्यायचं होतं. मॅलकी म्हणाला, तुमच्या शाळेने चढवलं होतं का मला झाडावर? काका म्हणाले, अर्धा वेळ हातात असतो त्याला फुटबॉल म्हणणं हाच मुळी खोटेपणा. लोहार म्हणाला, नाव कशाला, खेळ कुठे हरवणार आहे? रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तशी माणसं उठून गेली.

दुकानात परत आलो तर शेजारच्या बेंडर्स क्रीकच्या लोकांचं पत्र येऊन पडलेलं. टॅमसिनने वाचून दाखवलं. तिकडे म्हणे चेंडूला हात लावतच नाहीत, आणि खरा फुटबॉल त्यांचाच. 'तरीही तुम्ही तो जो फ्लॅटचा प्रकार खेळता, तो एकदा खेळून बघायची आमची तयारी आहे. तुमचा चालू सामना या वर्षी संपणार असल्यास कळवावे.'

फ्लॅटचा प्रकार! हे कळल्यावर मास्तरच्या घशाखाली घास उतरला नाही. पण आज दिवसभर दुकानात जो आला तो 'फ्लॅटचा' असंच म्हणत होता. आता काही ते पुसलं जाणार नाही. टिंगल करायला दिलेलं नाव सगळ्यांत घट्ट चिकटतं असं दिसतं.

शनिवार, १० ऑगस्ट

खालचे तेराच राहिले. सात जण सही-बिही विसरून ओटॅगोला पळाले. मास्तरने आपलेही सात बसवले, उगीच आपला फायदा नको म्हणून. मी म्हटलं, मी बसतो. तर म्हणाला, तू कसा बसशील, तू तर आमचा उत्तम किक मारणारा. सामना झाला, गोल नाही.

नंतर मॅलकी मला ओढ्यापाशी भेटला. आज हसत नव्हता.

"आधी गेलेले सगळे चांगले खड्डे धरून बसलेत. आपण जाऊ तेव्हा तिथे उरणार काय? खडे."

"मग तू जा पुढे."

"आपण एकत्र आलो. हात मिळवलाय मी."

"मी काय करू? गोल होत नाही त्याला मी काय करू?"

तो पाण्याकडे बघत राहिला. मला फार राग आला. कशाचा ते कळलं नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

सगळं नीट लिहितो. 

दिवस कलायला आला होता. चेंडू लोहाराकडून उडाला, मी झेलला. वीस पावलं. समोर गोल, आणि गोलात फक्त मॅलकी, डाव्या खांबाला टेकून. मला बघितलं आणि खांब न सोडता तो बाजूला झाला. बाजूला! जणू मी बिशप आहे आणि तो दार उघडून उभा आहे.

मारावीच लागली. मी कोपरा साधायला म्हणून जरा बाहेरच्या अंगाने मारली. आता हा चेंडू इतके आठवडे कधी कोणाच्या मनासारखा गेला नाही. आजही नाही गेला. बाहेर चालला होता तो हवेत वळला आणि डाव्या खांबाच्या वीतभर आतून निघून गेला.

वरच्यांनी टोप्या उडवल्या. काकांनी मला मिठी मारली, काका कधी कोणाला मिठी मारत नाहीत. आणि माझ्या तोंडून निघालं, "खांबाला लागला."

सगळे थांबले.

"लागला," मी म्हटलं. "मी आवाज ऐकला. गोल नाही."

मास्तरने टोपी काढली. "एनॉक," म्हणाला, "स्वतःच्या विजयाविरुद्ध साक्ष देणारा माणूस मी आमच्या शाळेतही पाहिला नाही."

"नाही लागला!" मॅलकी ओरडला. "मी खांबाला टेकून उभा होतो! स्वच्छ गोल आहे. आम्ही हरलो!"

आता मास्तर रडायचाच बाकी राहिला. खालचे मॅलकीला शिव्या घालायला लागले. "कॅप्टन, तू कोणाचा?" वरचे मला विनवायला लागले. "लागला!" "नाही लागला!" "माझी किक आहे, मला माहीत!" "माझा खांब आहे, मला माहीत!" पाद्रीबाबा बाजूला उभे राहून वर आभाळाकडे बघत होते. दोन बाजू एकमेकींना जिंकवायला भांडताहेत, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नसेल.

मास्तर म्हणाला, कॅप्टनांचं एकमत नाही, तर तिसऱ्याला विचारू. त्या खांबापासून सहा पावलांवर साबणाच्या खोक्यावर टॅमसिन बसली होती, कागद मांडीवर.

"टॅमसिन, तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"लागला का?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, जेवढं पाहता येतं तेवढं. ती थांबली. खूप वेळ थांबली, जणू मी काही बोलणार आहे आणि तिला ते ऐकायचं आहे. मी काय बोलणार? मला सांगायचं ते मी सांगितलं होतं.

मग ती म्हणाली, "नाही लागला. गोल आहे." आणि कागदावर लिहिलं. मग कागद घडी केला आणि घरी गेली.

वरचे जिंकले. मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. मी इतका उंच कधी बसलो नव्हतो आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. पोरीला एकच शब्द बोलायचा होता, 'लागला'. माझं तोंड बघायचाही कंटाळा आला असणार तिला.

रविवार, १८ ऑगस्ट

पाद्रीबाबांनी प्रवचनात आमची नावं घेतली. प्रामाणिकपणा काय असतो ते पाहायचं असेल तर वार्डल आणि डूलन यांच्याकडे बघा. सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. मॅलकी कॅथलिक असूनही मुद्दाम ऐकायला आला होता, तो रुमालात तोंड घालून बसला. टॅमसिन पुढच्या बाकावर. तिची मान सरळ, अगदी सरळ.

बोचकं बांधलं. मोजे त्यात आधीच कोणीतरी घालून ठेवले होते.

सोमवार, १९ ऑगस्ट

गाडी आठला सुटते. काकांनी मला माझी दाभण दिली, म्हणाले, "ठेव, पोरा. तिकडेही घोडे असतीलच." टॅमसिन मागच्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

मॅलकी गाडीच्या टपावर बसला होता. मी बोचकं वर टाकलं. चाकावर पाय ठेवला. तिथेच राहिलो.

"चढ की," गाडीवान म्हणाला.

मला समजेना पाय का उचलत नाही. दोन वर्षांपूर्वी बोटीत चढताना हा विचारसुद्धा आला नव्हता. "मॅलकी," मी म्हटलं, "मला वाटतं मी येत नाही."

त्याने माझं बोचकं लगेच खाली टाकलं. विचारलंसुद्धा नाही. "मला जुलैमध्येच कळलं होतं," म्हणाला. "ती नाडी."

"मग गेला का नाहीस?"

"वाट बघत होतो, तुला कधी कळतं त्याची. तू मठ्ठ आहेस हे माहीत होतं, पण पाच शनिवार!" मग खाली वाकला आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली. "ही मी नेतो. तिकडे थंडी असते म्हणे." गाडी निघाली. तो मागे बघून ओरडत होता, काय ते चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. बहुतेक शिवी असावी. डोळ्यांत धूळ गेली.

दुकानात आलो. टॅमसिन बाकावर, नवीन चेंडूचं कातडं शिवत होती. वर पाहिलं नाही.

"गाडी गेली?"

"गेली."

"तुला न घेता?"

"हो."

दोन टाके झाले. मी माझ्या जागेवर बसलो. "तो खांबाला लागला नव्हता," मी म्हटलं.

"माहीत आहे. तिथेच बसले होते मी. मग अख्ख्या गावासमोर खोटं का बोललास?"

मी येताना वाटेत बरंच काही ठरवलं होतं, चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आलं नाही. "जायचं नव्हतं म्हणून."

आता तिने वर पाहिलं. रागाने की कशाने, मला अजून तिचे डोळे वाचता येत नाहीत, अक्षरं बरी. "हे एवढं शनिवारी बोलला असतास ना, एनॉक वार्डल," ती म्हणाली, "तर मी लागला म्हणून सांगितलं असतं."

दुपारपर्यंत मी घातलेले सगळे टाके तिरके गेले. काकांनी पाहिले, पुन्हा पाहिले, आणि उसवायला न लावता चष्मा काढून खिशात ठेवला.